दहाव्याला वाजलेला अलर्ट

ओझरच्या पुढे, हायवेवरून जरा आत वळलं की आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस लागतं. तिथे मी जोखीम व्यवस्थापन बघते. हे पद ऐकून लोकांना वाटतं की मी विमा विकते. माझे धाकटे दीर तर एकदा स्कूटरचे कागद घेऊन माझ्यापुढे येऊन बसले होते. काम सांगायचं तर एवढंच: आपल्या जागेत काय काय बिघडू शकतं याची यादी करायची, ते बिघडू नये म्हणून कोणी, कधी, काय करायचं ते ठरवायचं, आणि ते होतंय की नाही यावर डोळा ठेवायचा. डोळा ठेवण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे. माहेरी आमची मखमलाबादकडे फुलशेती होती. कुठल्या पाटीत वर ताजी आणि खाली कालची फुलं घातलीत, हे मी लांबून ओळखायचे, आणि ओळखलं की गप्प बसायचे नाही. घरात त्यावरून मला बरंच ऐकावं लागलं. नोकरीत मात्र त्याच स्वभावाचा पगार मिळतो.

पूर्वी ही यादी एका जाड रजिस्टरमध्ये होती आणि तारखा भिंतीवरच्या फळ्यावर. फळा पुसला गेला की तारखाही जायच्या. मग हेड ऑफिसने एक सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं ऑनलाइन प्रशिक्षण दोन तास चाललं. शिकवणारा भराभरा इंग्रजी बोलत होता, आणि आमच्याकडचे सगळे पुरुष कॅमेरा बंद करून बसले होते. शेवटी काही शंका आहे का, असं त्याने विचारल्यावर कुणीतरी घोरतंय असं ऐकू आलं. शंका फक्त मी विचारल्या. त्यामुळे सॉफ्टवेअर माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं.

त्यातलं मोठं काम अलर्ट लावण्याचं. एक प्रकार ठरलेल्या काळाने परत परत येणारे: दर आठवड्याला हे, दर महिन्याला ते. दुसरा प्रकार आपण आपल्या जागेपुरते बनवायचे: अमुक आकडा अमुकच्या वर गेला, की अमुक माणसांना कळव. मी दोन्ही प्रकार तीन आठवडे बसून लावले. त्यात माझी खरी परीक्षा घेतली ती अमावस्येने. आमच्याकडे अमावस्येला नवं काम काढत नाहीत. ड्रायव्हर गाडी भरून लांब निघायला का कू करतात, आणि त्या दिवशी एखादी तपासणी लावली की ती आपोआप दुसऱ्या दिवसावर जाते. सॉफ्टवेअरला मात्र दर सोमवार कळतो, महिन्याचा शेवटचा दिवस कळतो, तिथी कळत नाही. मी कंपनीच्या मदतकेंद्राला विचारलं, तर त्यांनी अमावस्या म्हणजे कोणती सार्वजनिक सुट्टी, असं उलट विचारलं. मग मी कॅलेंडर मांडीवर घेऊन वर्षाच्या साऱ्या अमावस्या एकेक करून हाताने सुट्टी म्हणून भरल्या. मॅनेजर हसले. पण त्यानंतर एकही तपासणी अमावस्येमुळे चुकली नाही, तेव्हा त्यांनी ही आयडिया हेड ऑफिसला आपलीच म्हणून सांगितली.

अलर्टची भाषाही मीच बदलली. आधी त्यात ‘आपले नियोजित कार्य प्रलंबित आहे’ असं यायचं. ते वाचून लोकांना लाइटबिलाचा मेसेज वाटायचा. मी लिहिलं, ‘दादा, डोळे धुवायचा नळ सोडून बघा, पाणी स्वच्छ येतंय का?’ आणि काम व्हायला लागलं. आवाजही मीच निवडला. मशीन रूममध्ये कॉम्प्रेसरच्या धडधडीत फोनची साधी टिंगटिंग ऐकू येत नाही, म्हणून मी कारखान्याच्या भोंग्याचा आवाज लावला, आणि फोन सायलेंट असला तरी तो वाजेल अशी परवानगी प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन देऊन टाकली. हे सगळं मी इतकं हौसेने केलं, की आपण काय करतोय याचा दुसरा विचार करायला मला सवडच झाली नाही.

आता ज्याच्यासाठी हे सांगतेय ते. द्राक्षं थंड करायला आमच्याकडे अमोनियाचा प्लँट आहे. मशीन रूमच्या दाराशी काचेच्या पेटीत एक मास्क टांगलेला असतो. सबंध चेहऱ्यावर बसणारा, पुढे काच, आणि हनुवटीखाली हिरवा डबा. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. हवेतला अमोनिया तो डबा अडवतो, म्हणून आतल्या माणसाला श्वास घेता येतो. पण त्याची ताकद कायमची नसते. सील फोडल्यापासून सहा महिने झाले, की तो काढून नवा लावायचा, हा आमचा नियम. संपलेला डबा बाहेरून नव्यासारखाच दिसतो. संपल्याचं कळतं ते आत गेल्यावर, घसा आवळला की.

तो मास्क घालून आत जाणारे ऑपरेटर सायखेड्याचे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. ते मला ताई म्हणतात. दर आठवड्याला यंत्रातलं साचलेलं तेल काढायला ते मास्क लावून आत जायचे, वीस मिनिटांनी बाहेर यायचे आणि चेहऱ्यावर मास्कचा वळ घेऊन चहा प्यायचे. कॅनिस्टर बदलण्याचा सहामाही अलर्ट त्यांच्याच नावावर होता. त्या अलर्टवर त्यांचा श्वास अवलंबून आहे, हे मला यादी करतानाच ठाऊक होतं. धोक्याच्या रकान्यात ‘जीवघेणा’ हा शब्द मीच निवडला होता.

अलर्टला आणखी एक शेपूट होतं. मुदत उलटून तीन दिवस झाले तरी काम झालं नाही, की रोज सकाळी दहाला भोंगा, आणि सोबत मॅनेजरला मेसेज. आमच्याकडे याला लोकांनी लगेच चुगली हे नाव दिलं. पॅकिंग हॉलच्या मुकादमबाई तर मला तोंडावर म्हणाल्या, की फोनवाली चुगली आमच्या सासूपेक्षा वाईट, सासू निदान दुपारी झोपते. मी सगळ्यांना समजावलं की यात कुणाला अडकवायचा हेतू नाही. मला ते पटलेलं होतं. त्यांना पटलं होतं की नाही, कोण जाणे.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, दादांचे वडील गेले. नव्वदीच्या घरातले होते, झोपेतच गेले. दादा तेरा दिवसांच्या रजेवर गेले आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरने दोन्ही पाळ्या ओढायला सुरुवात केली. सुतकातल्या माणसाला कामाचा फोन करायचा नाही, ही आमच्याकडे कुणी न सांगता पाळायची गोष्ट. मॅनेजरांनी केला नाही, स्टोअरवाल्याने केला नाही, हेड ऑफिसच्या माणसानेसुद्धा आधी मला विचारलं आणि मग केला नाही. माझ्या सॉफ्टवेअरला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. आजारपण, लग्न, अमावस्या सगळं मी त्यात भरलं होतं. माणसाच्या घरी कोणी गेलं तर त्याचे अलर्ट कुठे जावेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दशक्रियेला आम्ही आठजण सायखेड्याला गेलो. गोदावरीच्या घाटावर मंडप, खुर्च्या, समोर महाराजांचं प्रवचन. प्रवचन झालं, दोन-तीन पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, आणि मग सगळे पिंडाकडे बघत थांबले. दादा मुंडण केलेले, उघडे, हात जोडून उभे. समोरच्या लिंबावर कावळे जमले होते. एक खाली उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ आला. तेवढ्यात दादांच्या मेहुण्याच्या खिशातून भोंगा वाजला.

दादांनी फोन सायलेंट करून त्याच्याकडे ठेवायला दिला होता. सकाळचे दहा वाजले होते. भोंगा मी निवडलेला, सायलेंट फोनमध्ये वाजायची परवानगी मी दिलेली. सगळे कावळे एकदम उडाले. मेहुण्याला तो बंद करता येईना, तो घाबराघुबरा होऊन फोनवर बोटं आपटत होता आणि तिकडे बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. त्याच मिनिटाला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरांचा फोन थरथरला. त्यांनी तो पाहिला आणि माझ्यापुढे धरला. ‘यांनी तीन कामे मुदतीत केलेली नाहीत.’ दादांनी फोनकडे पाहिलंच नाही. त्यांनी गर्दीतून मला शोधलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असावं, प्लँटवर काहीतरी झालं. मला तिथल्या तिथे वाळूत गडप व्हावंसं वाटलं.

पुढे अर्ध्या तासाने कावळा शिवला. तोवर मला उभं राहणं नको झालं होतं. मी मंडपामागे लावलेल्या गाडीत जाऊन बसले आणि फोनवर सॉफ्टवेअर उघडलं. सगळ्यांचे लॉगिन मीच बनवलेले, आणि दादांनी पासवर्ड कधी बदललाच नव्हता. त्यांच्या नावाने आत गेले. तीन कामं लाल होती: डोळे धुवायचा नळ, प्रथमोपचार पेटी, मास्कचा कॅनिस्टर. मी तिन्हींवर ‘पूर्ण’ दाबलं. तीन लाल ठिपके हिरवे झाले. आता तेराव्यापर्यंत या माणसाला कुणी त्रास देणार नाही, असं मनाशी म्हटलं आणि मला बरंसुद्धा वाटलं. उद्या ही तिन्ही कामं आपण स्वतः करून टाकू, असंही ठरवलं.

त्यातली दोन मी दुसऱ्या दिवशी केली. नळ सोडून पाहिला, पेटीत संपलेल्या पट्ट्या आणि मलम भरलं. कॅनिस्टर मी हातात कधी धरलेला नव्हता. तो रात्रपाळीवाल्याकडून बदलून घ्यायचा, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. संध्याकाळी एका बागेचा तपासणी अहवाल उशिरा आला, त्याचा माल भरायचा की थांबवायचा यावरून वादावादी झाली, आणि कॅनिस्टर माझ्या डोक्यातून गेला. गेला तो गेलाच. आठवण करून देणारं जे होतं, त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी काम झालं होतं, आणि पुढची आठवण आता सहा महिन्यांनी येणार होती. मास्कला जुनाच डबा लटकत राहिला.

चौदाव्या दिवशी दादा कामावर आले. डोक्यावर गांधी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. आल्या आल्या त्यांनी आपली यादी उघडून पाहिली असणार, कारण दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “माझ्या माघारी समदं सांभाळलं तुम्ही लोकांनी. एकबी काम मागं ठेवलं नाय.” मी पेढा घेतला. त्यांना भोंग्याबद्दल दोन शब्द माफीचे बोलावेत म्हणून मी चार दिवस वाक्यं जुळवत होते, तीच बोलले. बाकी मला काही आठवलंच नाही. त्यांनी हिरव्या ठिपक्यांवर विश्वास ठेवला. रात्रपाळीवाल्याने डबा बदलला असं ते समजले. त्याला वाटलं, दादा आले, आता ते बघतील.

त्यानंतर दोन वेळा दादा तो मास्क लावून तेल काढायला आत गेले. हे मी आज शांतपणे लिहिते आहे. तेव्हा दोन्ही वेळा मी ऑफिसात बसून जेवणाचा डबा खात असेन.

मार्चच्या मधल्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, माझ्या फोनवर भोंगा वाजला. हा ठरलेल्या काळाचा अलर्ट नव्हता, आकड्याचा होता. मशीन रूममधला अमोनिया मी लावलेल्या पहिल्या मर्यादेच्या वर गेला होता. असा अलर्ट दोघांनाच जायचा, दादांना आणि मला. एखाद्या व्हॉल्व्हच्या दांड्याशी थोडी गळती असली की असं होतं, दादा मास्क लावून जातात, पान्याने दोन आटे आवळतात आणि येतात. वर्षातून तीन-चारदा व्हायचं. मी घाबरले नाही. उलट माझा अलर्ट सेकंदात वाजला याचं मला कौतुकच वाटलं.

मुकादमबाईंना फोन करून मी सांगितलं की बायकांना मागच्या दाराने चिंचेखाली न्या, वारा तिकडून इकडे आहे. मग कॉम्प्युटरवर तो अलर्ट उघडला. त्याच्याखाली त्या धोक्याशी जोडलेल्या सगळ्या तपासण्या ओळीने दिसतात, तशी सोय मीच केली होती. सगळ्या हिरव्या. कॅनिस्टरसमोर दादांचं नाव, ‘पूर्ण’, आणि तारीख.

तारखेवर माझी नजर अडली. त्या दिवशी दादा घाटावर उभे होते. ही तारीख त्यांची नव्हती, माझी होती.

मी कशी धावले ते मला सलग आठवत नाही. ऑफिस आणि मशीन रूमच्या मध्ये माल चढवायचा लांब धक्का आहे, तिथे क्रेट रचलेले होते, त्यातले काही मी पाडले. मी ओरडत होते, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? फोन लावायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी मास्क घातलेला माणूस फोन उचलत नाही. कोपऱ्यावरून वळले तेव्हा दादा दाराशी होते. मास्क चेहऱ्यावर, डोक्यामागचे पट्टे ओढून घट्ट करत होते. पाना पायाशी ठेवलेला. त्यांनी वाकून तो उचलला आणि दाराच्या कडीला हात घातला.

मी त्यांच्या शर्टाला मागून धरून ओढलं. ते दचकून वळले. मला दम लागला होता, शब्द फुटेना, मी नुसतं त्यांच्या हनुवटीखालच्या डब्याकडे बोट करत होते. त्यांनी मास्क काढला, डबा उलटा केला, खालचं लेबल लांब धरून वाचलं. त्यावर सील फोडल्याची तारीख त्यांच्याच अक्षरात होती. ऑगस्टमधली.

पुढचं त्यांनी जे केलं, ते बघत राहावं असं होतं. एक शब्द वाया न घालवता त्यांनी बाहेरच्या बटणाने यंत्र बंद केलं, पंखा चालू केला, मला वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि स्टोअरवाल्याला हाक मारली. नवे कॅनिस्टर दोन महिन्यांपासून स्टोअरच्या फळीवर पडून होते. त्याने ते आणले. दादांनी सील फोडलं, खिशातल्या पेनने तारीख लिहिली, डबा लावला आणि आत गेले. सात-आठ मिनिटांत बाहेर आले. आकडा उतरत होता. चिंचेखालच्या बायकांना कुणीतरी चहा नेऊन दिला आणि अर्ध्या तासात हॉल सुरू झाला. म्हटलं तर काहीच घडलं नव्हतं.

दादा पायरीवर बसले. मीही जरा अंतरावर बसले. जुना डबा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी दोनदा फिरवून पाहिला.

“कॉम्प्युटरमध्ये तर माझ्या नावानं झाल्यालं हाय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मी केलं ते, दादा. घाटावरून, गाडीत बसून. भोंगा वाजला म्हणून. तुम्हाला परत कुणी छळू नये म्हणून.”

त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि म्हणाले, “सुतक तुम्ही पाळलं, ताई. गॅसला कुठं सुतक अस्तंय?”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि ते योग्यच होतं.

दोन दिवसांनी हेड ऑफिसची मेल आली. सॉफ्टवेअर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. त्यांना दिसत होतं की नवा डबा स्टोअरमधून आत्ता निघाला, आणि ऑपरेटरने तो न बदलताच फेब्रुवारीत ‘पूर्ण’ दाबलं होतं. दादांना लेखी ताकीद द्यावी, असं त्यात होतं. मॅनेजरांना खरं माहीत होतं, कारण त्याच संध्याकाळी मी ते त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, आपण मोघम उत्तर देऊ, तांत्रिक चूक म्हणू, तुमचं नाव कशाला. ते मला सांभाळून घेत होते. मी दादांना सांभाळून घेतलं होतं, अगदी तसंच. मी म्हटलं, साहेब, या सांभाळण्यानेच माणूस मरत होता. मी स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं, कुठे बसून, कोणाच्या लॉगिनने, का, सगळं. ताकीद मला मिळाली. ते पत्र माझ्या फाइलमध्ये आहे आणि ते तिथे असण्याबद्दल माझी तक्रार नाही.

नंतर मी अलर्ट नव्याने बांधायला घेतले. सॉफ्टवेअर वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. मी त्याला अर्धाच माणूस शिकवला होता. आता रजेच्या कारणांत मी ‘सुतक’ भरलं, तेरा दिवस. ती रजा पडली की त्या माणसाचा फोन गप्प होतो आणि त्याची सगळी कामं आपोआप बदली माणसाच्या नावावर जातात. जीवाशी संबंध असलेलं काम नुसतं ‘पूर्ण’ दाबून बंद होत नाही, नव्या डब्याच्या लेबलचा फोटो मागतं. कुणाचं लॉगिन दुसऱ्याच्या फोनवर उघडत नाही, माझ्यासुद्धा. भोंगा फक्त आवारात वाजतो. हे सगळं चार दिवसांत झालं, आणि चांगलं झालं. हेड ऑफिसने ते बाकीच्या दोन पॅकहाऊसनाही लावलं.

एक रकाना मात्र रिकामा राहिला. मशीन रूमसाठी दिवसपाळीचा बदली माणूस कोण? रात्रपाळीवाल्याला दोन्ही पाळ्या ओढायला लावणं, हीसुद्धा एक जोखीमच होती. मी यादी घेऊन दादांकडे गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी दोन-तीन नावं सुचवली. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, की नाव तुमचंच टाका. मी म्हटलं, मी ऑफिसची बाई, मला पाना कुठल्या हाताने धरतात ते ठाऊक नाही. ते म्हणाले, शिकवतो.

महिनाभर त्यांनी मला शिकवलं. कोणता पाइप कशाचा, कोणत्या व्हॉल्व्हला कधी हात लावायचा नाही, पंखा आधी की दार आधी. मी वहीत लिहून घ्यायचे. ते वही बाजूला ठेवायला लावायचे आणि परत विचारायचे. एप्रिलच्या शेवटी, हंगाम संपून हॉल रिकामा झाला तेव्हा, एका सकाळी ते म्हणाले की आज तेल तुम्ही काढायचं.

दाराशी त्यांनी मला मास्क दिला. मी डब्याची तारीख वाचली, मोठ्याने. मास्क चेहऱ्यावर चढवला, पट्टे ओढले. रबर गालांवर घट्ट बसलं आणि माझाच श्वास मला मोठा ऐकू येऊ लागला. दादा समोर आले आणि त्यांनी आपला तळहात डब्याच्या तोंडावर दाबून धरला. मास्क नीट बसलाय का हे असंच बघतात. हवा बंद करायची आणि आत ओढायला सांगायचं. मी श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटला आणि आत काही आलं नाही. परत ओढला. काही नाही. छाती नुसती वर होत राहिली.

दहा सेकंद धरायचं असतं, हे मला माहीत होतं. ती सूचना सॉफ्टवेअरमध्ये मीच टाइप केली होती. दहा सेकंद किती असतात, ते मला तेव्हा कळलं. काचेतून दादांचा चेहरा अगदी जवळ दिसत होता. ते माझ्या डोळ्यांत बघत होते आणि ओठांनी आकडे मोजत होते, सावकाश, एकही न गाळता. माझे दोन्ही हात वर उठायला बघत होते. मी ते खाली धरून ठेवले.

दहा झाल्यावर त्यांनी हात काढला. हवा आत आली, रबराचा वास घेऊन.

“जा आता आत,” ते म्हणाले. “मी दारात हाय.”